लिफ्टशेजारचा झटका

सेक्रेटरींना फक्त एक कागद चिकटवायचा होता. त्याहून मोठी महत्त्वाकांक्षा त्यांच्या मनाला कधी शिवली नव्हती, आणि पुढे जे घडलं त्याचं खापर त्यांच्या माथी फोडणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं.

कागदाचं कारण घरचंच होतं. त्यांच्या मेहुण्याच्या हातून एका सकाळी दाढीचा ब्रश पडला. तो उचलायला गेला तर बोटं ऐकेनात. "दमलोय, जरा पडतो," असं बोबड्या आवाजात सांगून तो आडवा झाला, आणि त्याच्या बायकोनेही बिचाऱ्याची झोप मोडू नये म्हणून दार लोटून घेतलं. दुपारी दार उघडलं तेव्हा त्याची उजवी बाजू गेलेली होती. डॉक्टर म्हणाले, सकाळीच आणलं असतं तर. या 'तर'च्या पुढचं वाक्य डॉक्टरांनी पूर्ण केलं नाही. सेक्रेटरींच्या डोक्यात मात्र ते उठताबसता पूर्ण होत राहिलं.

सेक्रेटरी म्हणजे बिल्डिंगचे सेक्रेटरी. पोटापाण्यासाठी ते पाणीपुरवठा खात्यात जमिनीखालच्या पाइपांचे नकाशे काढत. त्यामुळे हा आजार त्यांना समजावून सांगावा लागला नाही. मेंदूकडे जाणारी लाइन एक तर तुंबते, नाही तर फुटते, आणि पुढचा भाग कोरडा पडतो. फरक इतकाच की खात्याचे ग्राहक पाण्यासाठी आठवडाभर शिव्या देत तग धरतात. मेंदूला तेवढी सहनशक्ती नसते.

तेव्हापासून ते रोज सकाळी आरशासमोर उभे राहून हसू लागले. तोंडाचे दोन्ही कोपरे सारखे वर जातात का, ही तपासणी. डावा कोपरा त्यांना कायम अंमळ खालीच वाटे. मग दोन्ही हात समोर धरून डोळे मिटायचे आणि कुठला हात आपोआप खाली घसरतो ते बघायचं. पण डोळे मिटल्यावर बघणार कसं? म्हणून एक डोळा किलकिला ठेवावा लागे. शेवटी एक साधं वाक्य स्पष्ट म्हणायचं. एवढं पार पडलं की त्या दिवसापुरते ते निर्धोक ठरत. एकदा त्यांनी लग्नातला फोटो काढून ओठांचा कोपरा तेव्हाही खाली होता का, हे ताडून पाहिलं. बायको म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही हसलाच नव्हता. मीच हसत होते."

रक्तदाब मोजून घ्या, असंही ती म्हणाली होती. त्याला मात्र ते तयार नव्हते. आकडा कळला की तो खरा होतो, अशी त्यांची एक खासगी समजूत होती.

तर, कागद. आजाराची लक्षणं आणि काय करावं, एवढंच त्यावर लिहून सूचनाफलकावर लावायचं. पण पाणी, लिफ्ट आणि सभा या तीन विषयांखेरीज फलकावर काहीही लावू नये, हा नियम शिकवण्यांच्या जाहिरातींना वैतागून खुद्द सेक्रेटरींनीच करून घेतला होता. चेअरमन कोर्टातून मोठे कारकून म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी आयुष्यात एकही कागद दुसऱ्या कागदाच्या आधाराशिवाय हलू दिला नव्हता. अर्ज करा, म्हणाले. कोणाला? सेक्रेटरींना. मग सेक्रेटरींनी संध्याकाळी स्वतःलाच अर्ज लिहिला, सकाळी तो स्वतःच उघडून वाचला आणि 'शिफारशीसह सादर' असा शेरा मारून वर पाठवला. अर्ज परत आला. चेअरमननी खाली लिहिलं होतं, 'अर्जदाराची व सेक्रेटरींची सही एकसारखी दिसते. खुलासा व्हावा.'

खुलासा होईपर्यंत मजकुरावर चर्चा सुरू झाली आणि आजाराला नाव कोणतं द्यायचं यावर घोडं अडलं. सेक्रेटरींनी लिहिलं होतं 'पक्षाघात'. खजिनदारांचं चष्म्यांचं दुकान होतं, जनतेला काय वाचता येतं आणि काय नाही याचा त्यांना दांडगा अनुभव. त्यांचं म्हणणं पडलं की निवडणूक तोंडावर आली आहे, कोणाच्या पक्षावर आघात झाला म्हणून उद्या चार माणसं दारात भांडायला उभी राहतील. बरं, 'अर्धांगवायू' लिहू. त्यावर पहिल्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले की त्यांना वायूचा त्रास गेली कित्येक वर्षं आहे, आणि तो अर्ध्या अंगात कधीच नसतो, चांगला सर्वांगात असतो. 'लकवा' हा शब्द बायकांना नको होता. ऐकूनच धडकी भरते म्हणे. वास्तविक धडकी भरावी हाच कागदाचा हेतू होता. पण सेक्रेटरींनी पडतं घेतलं आणि शेवटी 'मेंदूचा झटका' यावर सगळ्यांचं एकमत झालं.

नकाशेवाल्या माणसाचं अक्षर. 'मेंदूचा' हा शब्द त्यांनी वर बारीक, नाजूक लिहिला, आणि खाली हातभर अक्षरांत: 'झटका आला? वेळ घालवू नका!' फलकाची परवानगी अजून लोंबकळतच होती. लिफ्टशेजारच्या भिंतीला मात्र कुठलाच नियम लागू नाही, ही पळवाट त्यांच्या बायकोने शोधून दिली. कागद तिथे लागला.

दुसऱ्या दिवशी सगळी बिल्डिंग जिन्याने ये-जा करू लागली. सेक्रेटरींना आधी भरूनच आलं. व्यायामाबद्दल कागदात शेवटी बारीक अक्षरांत एकच ओळ होती आणि लोकांनी ती इतकी मनावर घेतली! खरा प्रकार संध्याकाळी कळला. लिफ्टच्या बटणाला करंट येतो, अशी बातमी पसरली होती. एका बाईंना तर मुंग्याही आल्या होत्या. वायरमनला बोलावणं गेलं. त्याने सगळं तपासलं, करंट नाही म्हणाला, आणि खात्री करून घ्यावी म्हणून पेटी उघडली. त्यानंतर लिफ्ट खरोखरीच बंद पडली. आठवडाभर बिल्डिंग जिने चढत होती आणि धापा टाकत सेक्रेटरींचा उद्धार करत होती. चेअरमन राहायला चौथ्या मजल्यावर. ते काही बोलले नाहीत, पण प्रत्येक मजल्यावर थांबून कठड्याला धरून उभे राहत. सेक्रेटरींना ते दृश्य बघवेना. दमणूक आहे की दुसरं काही? ते दाराच्या फटीतून चेअरमनच्या तोंडाचे कोपरे न्याहाळत बसत.

कागदाने झालेला गैरसमज दूर करायचा तर प्रत्यक्ष बोलायला हवं, असं त्यांच्या मनाने घेतलं. जवळच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंना विनवून त्यांनी रविवारी सकाळी बिल्डिंगच्या ऑफिसात रक्तदाब तपासणी ठरवली. तपासणीआधी दोन शब्द बोलायचे होते. ते दोन शब्द बराच वेळ चालले. रक्तदाब, साखर, सिगारेट, तंबाखू, मीठ, बसून राहणं, हृदयाचे चुकलेले ठोके. यातलं काहीच दुखत नाही आणि म्हणूनच ते घातक, हे त्यांनी पाइपाच्या आतल्या गंजाच्या उदाहरणाने असं काही रंगवलं की समोरच्या खुर्च्यांत चिटपाखरू हलेना. (दोघांनी मात्र मध्येच उठून आपल्या मोरीची लाइनही तुंबल्याची तक्रार नोंदवली.) नंतर नर्सबाईंनी मोजायला घेतलं तर एकूणएक माणसाचा रक्तदाब वाढलेला. त्या विचारात पडल्या. मग अतिशय सौम्यपणे सेक्रेटरींना म्हणाल्या की तुम्ही जरा बाहेर थांबता का? ते बाहेर गेल्यावर आकडे खाली उतरले. तरीही चौघांचे उतरले नाहीत आणि त्यांना डॉक्टरांकडे जायला सांगावं लागलं, पण हे यश कोणाच्या लक्षात राहिलं नाही. पूर्वसूचना लेखी नव्हती, म्हणून चेअरमन आलेच नाहीत. शेवटी नर्सबाईंनी पट्टा सेक्रेटरींपुढे धरला. "मी आयोजक आहे," असं म्हणून ते खुर्च्या आवरायला लागले.

यानंतर आलं खजिनदारांचं प्रकरण. त्याची आठवण आजही सेक्रेटरींसमोर कोणी काढत नाही.

खजिनदार संध्याकाळी जिना चढत होते. त्यांचं तोंड एका बाजूला ओघळलं होतं. ओठातून लाळ येत होती. उजवा खांदा खाली पडला होता. सेक्रेटरींनी विचारलं, काय झालं? खजिनदार म्हणाले, "आआ आढी." झालं. सेक्रेटरींनी महिनाभर ज्या क्षणाची तालीम केली तो समोर उभा होता. त्यांनी घड्याळ बघितलं, खजिनदारांना पायरीवर बसवलं आणि रुग्णवाहिकेला फोन केला. खजिनदार हातवारे करत बोलायला लागले. जितकं जास्त बोलत तितकं ते बोबडं होई, आणि जितकं बोबडं होई तितका सेक्रेटरी त्यांना धीर देत. स्ट्रेचर आलं. सगळी बिल्डिंग कठड्यावर ओणवली. खजिनदारांनी स्ट्रेचरच्या दांडीला दोन्ही हातांनी गच्च धरून विरोध केला. दोन्ही हातांनी, हे तेव्हा कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

खजिनदार दाढ काढून आले होते. भूल उतरायची होती. आणि खांदा पडला होता तो हातातल्या पिठाच्या पिशवीने. तासाभराने ते टॅक्सीने परत आले. तोपर्यंत त्यांना नीट बोलता येऊ लागलं होतं, आणि ते बोलले.

तातडीची सभा झाली. 'यापुढे कोणत्याही रहिवाशासाठी त्याच्या लेखी संमतीखेरीज रुग्णवाहिका बोलावू नये,' असा ठराव एकमताने मंजूर झाला. इतिवृत्त लिहिणं हे सेक्रेटरींचं काम. तेव्हा तो ठराव त्यांना आपल्याच वळणदार अक्षरात लिहावा लागला. कागद भिंतीवरून निघाला. आणि मग सुरू झाली ती थट्टा. जिन्यात समोरून येणारा प्रत्येक जण त्यांना पाहताच दोन्ही हात वर करून दात दाखवी आणि एखादं वाक्य खणखणीत म्हणून दाखवी. शाळकरी पोरांपासून पहिल्या मजल्यावरच्या आजोबांपर्यंत कोणी बाकी राहिलं नाही. सेक्रेटरी सामसूम बघून घराबाहेर पडू लागले. बायको म्हणे, चार दिवस हसतील आणि विसरतील. पण हसू आणि विसरणं यांत नक्की कशाची भीती जास्त वाटते, हे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं.

अशातच पाण्याच्या पंपासाठी सभा भरली. ऑफिसच्या खोलीत दहाबारा माणसं, चहा, बिस्किटं. चेअरमन पंपवाल्याचं पत्र वाचून दाखवत होते. वाचता वाचता ते 'पंप' शब्दावर अडले. पुन्हा म्हणाले तर 'पप' झालं. तिसऱ्यांदा भलताच शब्द आला. हातातला कप तिरका झाला आणि चहा विजारीवर सांडला, पण त्यांनी खाली बघितलं नाही. कोणीतरी खुदकन हसलं. मग सगळेच हसले. सेक्रेटरींची फिरकी घेण्यात आता चेअरमनही उतरले, असाच सगळ्यांचा समज झाला. दोघांनी तर टाळ्या दिल्या.

सेक्रेटरी हसले नाहीत. त्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. सव्वासहा.

त्यांना कळलं होतं. पण समोर इतिवृत्ताची वही उघडी होती आणि तिच्यात त्यांच्याच अक्षरातला ठराव होता. चेष्टाच असेल. चेष्टाच असावी. एकदा हसं झालं, तेवढं पुरे. पाय उठायला बघत होते आणि मान त्यांना खाली बसवत होती. लोकांना महिनाभर 'वेळ घालवू नका' सांगणारा माणूस घड्याळाच्या काट्याकडे बघत वेळ घालवत राहिला. चेअरमन पत्राकडे नुसते टक लावून बसले होते. हसणं ओसरलं, बिस्किटांची बशी फिरली, आणि काटा बराच पुढे सरकला.

उठले ते खजिनदार. ज्यांच्यावर सगळ्यात जास्त अन्याय झाला होता ते खजिनदार.

"ही चेष्टा नव्हे," ते म्हणाले. "या माणसाने जन्मात कधी चेष्टा केली आहे का?"

आणि सेक्रेटरींची मान एकदाची सुटली. ते चेअरमनसमोर गुडघ्यांवर बसले. "साहेब, हसा बघू." अर्धाच चेहरा हसला. दोन्ही हात धरून वर केले, तर उजवा मांडीवर पडला. नाव विचारलं, तर घोगऱ्या आवाजाची एक लड बाहेर आली. तेवढ्यात चेअरमननी डाव्या हाताने टेबलावरच्या वहीकडे खूण केली. मग पेनाकडे. त्यांना लेखी संमती द्यायची होती. पेन त्यांच्या उजव्या हातात दिलं. ते गळून पडलं. पुन्हा दिलं, पुन्हा पडलं. आता कोणीच हसत नव्हतं.

कोणी साखरपाणी आणलं, कोणी म्हणालं आधी आडवं करा, जरा झोपू द्या. "काही पाजू नका, गिळता येणार नाही! आणि झोप नको!" सेक्रेटरी इतक्या जोरात ओरडले की त्यांचा तो आवाज त्यांच्या बायकोने तिसऱ्या मजल्यावर ओळखला नाही. फोन लागला. गाडी निघाली. आणि गल्लीच्या तोंडाशी अडली, कारण गल्ली खणलेली होती. पाणीपुरवठा खात्याने. चर कुठून न्यायचा याचा नकाशा सेक्रेटरींनीच काढला होता, आणि उत्तम काढला होता. मग चेअरमनना ऑफिसच्या खुर्चीसकट उचललं. एका बाजूला खजिनदार, दुसऱ्या बाजूला सेक्रेटरी, मागे चेअरमनच्या पत्नी एका पायात चप्पल नसलेल्या. फळीवरून चर ओलांडताना सेक्रेटरींच्या मनात एकच हिशेब होता. मी किती वेळ बसून होतो?

तोच प्रश्न डॉक्टरांनी विचारला. त्रास नेमका कधी सुरू झाला? औषध द्यायचं की नाही ते त्यावर ठरणार होतं. कोणी म्हणालं आत्ता, अर्ध्या तासापूर्वी. कोणी म्हणालं चहा आला तेव्हा. चहा कधी आला यावर वाद सुरू झाला.

"सव्वासहा," सेक्रेटरी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की. मी घड्याळाकडे बघत होतो."

खजिनदारांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. "म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"हो," सेक्रेटरी म्हणाले. चेअरमनच्या पत्नी, म्हणजे सगळ्यांच्या वहिनी, शेजारीच उभ्या होत्या.

डॉक्टर आत गेले. बाकावर सेक्रेटरी मान खाली घालून बसले. वहिनी काहीही बोलल्या असत्या तरी ते त्यांनी निमूट ऐकून घेतलं असतं. वहिनी पदराचं टोक पिळत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "सकाळीही कप पडला होता हो. उजव्याच हातातून. शब्दही अडखळत होते. जरा वेळाने सगळं ठीक झालं, जेवलेसुद्धा त्याच हाताने. मी म्हटलं, कोणाला सांगू? खजिनदारांसारखं त्यांचंही हसं व्हायचं."

सेक्रेटरींनी वर पाहिलं. आपल्यासारखंच आणखी कोणी सकाळपासून गप्प बसलं होतं, याचा त्यांना दिलासा वाटायला हवा होता. तो वाटला नाही, भीतीच वाटली. सगळी बिल्डिंग एकमेकांच्या हसण्याला किती घाबरून जगत होती!

"चला," ते उठत म्हणाले, "हे आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना सांगू."

डॉक्टर चिडले नाहीत. म्हणाले, सकाळची ती पहिली घंटा होती. ती वाजली की तेव्हाच यायचं असतं, थांबली म्हणून धोका टळत नाही. पण मधे पूर्ण बरं वाटत होतं, तर संध्याकाळची वेळच धरू. स्कॅन झालाय, लाइन तुंबलेली आहे, फुटलेली नाही. इंजेक्शन देता येईल.

'लाइन' हा शब्द त्यांनी आपणहून वापरला. एरवी सेक्रेटरींना त्याचा अभिमान वाटला असता. पण तेवढ्यात त्यांना भिंत धरावी लागली. तिथल्या नर्सने त्यांना खुर्चीत बसवून दंडाला पट्टा गुंडाळला, आणि आयोजक असल्याचं सांगण्याइतका जीव त्यांच्यात उरला नव्हता. आकडा पाहून ती नुसतीच "किती दिवसांपासून गोळ्या नाहीत?" म्हणाली. त्या दिवसापासून ते रोज सकाळी एक गोळी घेतात, आणि मीठ कमी घातलेल्या आमटीबद्दल बायकोकडे तक्रार करतात.

चेअरमन वाचले. पाय थोडा ओढतात, उजव्या हाताची बोटं अजून आळशी आहेत, आणि शब्द सापडायला वेळ लागतो. बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलंय, रोज संध्याकाळी कोणासमोर तरी मोठ्याने वर्तमानपत्र वाचा, आणि समोरच्याने काही झालं तरी शब्द सुचवायचा नाही. समोर बसायला सेक्रेटरी जातात. त्यांना ते आपलं प्रायश्चित्त वाटतं. खजिनदार म्हणतात की प्रायश्चित्त वगैरे काही नाही, वहिनींकडे चहा चांगला मिळतो म्हणून जातात. खजिनदार स्वतःही असतातच.

परवा एका पडक्या पुलाची बातमी होती. चेअरमन वाचत होते. "पुलाची दुरुस्ती ता..." आणि अडले. सेक्रेटरींना शब्द दिसत होता. जिभेच्या टोकावर होता. त्यांनी दोन्ही तळवे मांडीखाली दाबून धरले.

"ता... ता..."

खजिनदार छताकडे बघू लागले. स्वयंपाकघरात वहिनींचा चमचा थांबला. चहावर साय धरली. चेअरमनच्या कपाळावर घाम आला, आणि सेक्रेटरींच्याही. बाहेर लिफ्ट येऊन गेली. सेक्रेटरींनी घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाही.

"ता... तात... तातडीने," चेअरमन म्हणाले. "तातडीने करावी." आणि कागद खाली ठेवून त्यांनी मोठा श्वास सोडला.

"सावकाश, साहेब," सेक्रेटरी म्हणाले. "पूल काही पळून जात नाही."